रुमाल कुणाचा?

कोल्हारच्या अलीकडे, प्रवरेच्या अंगाला आमची शाळा आहे. तिथे इतिहास शिकवता शिकवता माझा घसा गेला आणि चष्मा लागला. पण शाळेच्या फाटकावरचा फ्लेक्स वाचून गावातली पुरुषमंडळी मोटारसायकली वळवून पळाली, हे मी त्या वर्षी पहिल्यांदाच पाहिलं.

फ्लेक्सवर लाल अक्षरांत लिहिलं होतं: ‘वंश निर्मूलन कार्यक्रमात आपले सहर्ष स्वागत.’

एक जण धीर करून आत आला. टोपी हातात, आवाज खाली.

“मॅडम, कॅम्प कवा हाय?”

“कसला कॅम्प?”

“त्यो बाहेर लिव्हलाय त्यो. आमाला दोन पोरी हायत्या, अजून एका पोराची आशा हाय. सक्तीचा हाय का?”

मी बाहेर जाऊन फ्लेक्स वाचला आणि कपाळावर हात मारला. मजकूर मीच लिहून दिला होता, ‘वंशभेद निर्मूलन’ असा. पण हेडसरांना स्वतःचा फोटो मोठा हवा होता. मग जागा पुरेना, म्हणून फ्लेक्सवाल्याने मधला ‘भेद’ उडवला. आता हेडसर छान हसतायत आणि त्यांच्या खांद्याला टेकून वंश निर्मूलन. बोंबला! कार्यक्रम दुसऱ्या दिवशी दुपारी होता आणि नवीन फ्लेक्स करायला वेळ नव्हता. शेवटी मी स्टुलावर चढून मार्करने वर बारीक ‘भेद’ लिहिला. तो फक्त मला दिसत होता.

पण मी जरा पुढे धावले. पहिल्यापासून सांगते.

वरून शिक्षकांच्या ग्रुपवर मेसेज आला होता की वंशभेद या विषयावर मुलांचं प्रबोधन करा आणि त्याचे फोटो टाका. हेडसरांनी मला बोलावून घेतलं. माणूस चांगला, पण कागद हलला तरी दचकणारा.

“मॅडम, वंशभेद म्हणजे मुलगा-मुलगीच ना? वंशाला दिवा आणि पणती? मागच्या वर्षीचे फलक पडलेत, तेच पुसून घेऊ.”

“सर, तो लिंगभेद. हे कातडीच्या रंगाचं आहे. गोरे आणि काळे.”

“म्हणजे परदेशातलं?”

“हो.”

त्यांचा चेहरा एकदम खुलला. “मग करा, बिनधास्त करा! परदेशातलं म्हटल्यावर गावात कुणाच्या भावना दुखत नाहीत. फक्त ते दुसरं काढू नका.”

‘दुसरं’ म्हणजे काय हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. भिंतीवरच्या थोर माणसांच्या तसबिरी तर ती माणसं त्या ‘दुसऱ्या’शी जन्मभर लढली म्हणूनच तिथे टांगलेल्या होत्या. पण आम्ही दोघांनी तिकडे न बघता चहा प्यायला.

मी आठवीच्या वर्गावर गेले आणि गोष्ट सांगितली. एक दूरचा देश. तिथल्या एका शहरातल्या बसमध्ये गोऱ्यांनी पुढे बसायचं, काळ्यांनी मागे. गोरे जास्त झाले की काळ्यांनी उठून जागा द्यायची, हा तिथला कायदा. एक दिवस एक काळी बाई काम आटपून घरी निघाली होती. तिला ऊठ म्हणाले. ती उठली नाही. पोलिसांनी तिला नेलं, पण त्या एका न उठण्याने पुढे सगळा देश हलला.

वर्ग शांत होता. मला वाटलं, पोहोचलं. मग पहिल्या बाकावरून एक हात वर आला.

“मॅडम, तिनं रुमाल टाकला हुता का?”

ज्यांनी आमच्या भागात एसटीने प्रवास केलेला नाही, त्यांच्यासाठी सांगते. कोल्हारच्या स्टँडवर गाडी लागायच्या आत माणसं तिच्याबरोबर धावायला लागतात आणि खिडकीतून सीटवर काहीतरी फेकतात. रुमाल, टॉवेल, दप्तर, जेवणाचा डबा. एकाने माझ्या डोळ्यांदेखत धाकटा भाऊ आत सारला होता. मग सावकाश दारातून चढायचं आणि आपल्या रुमालावर जाऊन बसायचं. ज्याचा रुमाल त्याची जागा. हा कायदा कुठल्या पुस्तकात नाही, पण कुणी मोडत नाही. आमच्याकडे बांधावरून डोकी फुटतात, विहिरीच्या पाण्यावरून भाऊ भावाशी बोलत नाही, पण रुमालावरून कधी वाद झालेला मी ऐकला नव्हता.

“नाही टाकला,” मी म्हटलं. “तिथे रुमाल टाकत नाहीत.”

“मंग जागा तिची कशी?”

“ती आधी बसली होती म्हणून!”

“आधी बसून काय उपेग मॅडम? त्या गोऱ्याचा रुमाल आसंल त्याच्यावर.”

“अरे बाबा, गोऱ्याचाही रुमाल नव्हता!”

“मंग कायद्यानं दोघांची बी न्हाई,” दुसऱ्याने निकाल दिला.

“मॅडम, मंग तिथं जागा धरत्यात कशी?”

“धरत नाहीत. आत जातात आणि बसतात.”

वर्गात कुजबुज झाली. सगळ्यांच्या चेहऱ्यावर त्या देशाबद्दल खरोखरची कीव होती. “लई मागासलेला देश हाय मॅडम,” पहिल्या बाकावरचा हळहळला.

माझा पारा चढला. मी डस्टर टेबलावर असं आपटलं की खडूच्या धुरळ्याने मलाच ठसका लागला. “आता जो कुणी रुमालाचं नाव काढेल, त्याला मी वर्गाबाहेर उभं करीन!”

तेवढ्यात शेवटच्या बाकावरून एक बारीक आवाज आला.

“मॅडम, रुमाल टाकला तरी उठवत्यात.”

ती मुलगी वस्तीवरून रोज सकाळच्या गाडीने यायची. रंगाने काळी. सावळी वगैरे नाही, काळीच. डोळे मोठे, अक्षर मोत्यासारखं. पोरं तिला ‘डांबर’ म्हणायची. मी ऐकलं की एकेकाचा कान पिरगाळायचे, पण माझी पाठ वळली की पुन्हा तेच.

“कुणाला उठवतात?”

“मला. माझा रुमाल पट्टीनं उचलून खाली टाकत्यात. हात लावत न्हाईत. रंग लागंल म्हनत्यात.”

नळाला आज पाणी नाही, हे सांगावं तितक्या साधेपणाने तिने सांगितलं. दोन-तीन पोरं फिदीफिदी हसली आणि माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

“कोण टाकतं? उभे राहा!”

सगळा वर्ग एकदम फळा वाचायला लागला. फळ्यावर काहीही लिहिलेलं नव्हतं. मी लोणीच्या बाजूने स्कूटीवर येते, त्यामुळे त्या गाडीत काय चालतं ते मला कळायला मार्ग नव्हता. तिला विचारलं, तर ती नावं सांगेना. सांगितली असती तर दुसऱ्या दिवशी त्याच गाडीत तिलाच चढायचं होतं.

तिथेच मी ठरवलं, याचं नाटक करायचं. सगळ्या गावापुढे करायचं, आणि त्या नाटकात एक जागा अशी असेल जिथून तिला कुणी उठवणार नाही.

पात्रं निवडायला घेतली आणि नवाच तमाशा सुरू झाला. “गोरे कोण होणार?” म्हटल्याबरोबर अख्ख्या वर्गाने हात वर केले. मी म्हटलं, अरे, काळेही लागतील. कुणी हात खाली घेईना. मग त्यांनी आपापसातच मनगटाला मनगट लावून मोजणी सुरू केली. हा गोरा, तो निमगोरा, ही गव्हाळ. आमचा पहिल्या बाकावरचा कायदेपंडित तव्याच्या बुडाइतका काळा. तो शर्टाची बाही खांद्यापर्यंत वर करून उभा राहिला.

“मॅडम, ही जागा बघा. मी मूळचा गोरा हाय. कांदे काढून काढून रापलोय.”

“माझी मावशी लई गोरी हाय,” एकीने पुरावा दिला.

एकाने दुसऱ्या दिवशी घरून आपला बाळपणीचा फोटो आणला. त्यात एक गुटगुटीत पांढरं बाळ होतं. आज दिसतोय त्या रंगावर बोलायला कुणीच तयार नव्हतं. प्रत्येकाचा खरा रंग बाहीच्या आत होता, नाहीतर मावशीकडे.

“अरे, मग काळं कोण होणार? माझ्या काकाला बोलवू?”

“मी करते मॅडम,” शेवटच्या बाकावरची म्हणाली. “त्या बाईला शेवटपर्यंत बसायचं हाय ना?”

“हो.”

“कुनी उठवायचं न्हाई?”

“उठवतात गं. पण ती उठत नाही.”

“मंग मी करते.”

झालं. अख्खा वर्ग गोरा आणि काळी एकटी. इतिहासाच्या दृष्टीने हे अगदीच चुकीचं होतं, पण मी हात टेकले. तालमी सुरू झाल्या. नाटकात तिचं वाक्य एकच होतं: ‘मी उठणार नाही.’ ती म्हणायची, ‘मी उठनार न्हाई.’

“ण! उठणार. जीभ टाळूला लाव.”

“उठन्नार.”

“अगं, दोन न नकोयत, एक ण हवाय!”

रोज मधल्या सुट्टीत आम्ही दोघी त्या एका अक्षराशी झगडायचो. गोऱ्यांना तेवढं काम नव्हतं. त्यांनी घराघरांतून पावडरचे डबे आणले होते, आणि तालीम नसतानाही ते पावडर लावून पांढरे फटक होऊन मैदानावर कबड्डी खेळायचे. पाचवी-सहावीची लहान पोरं त्यांना पाहून किंचाळायची.

हेडसर एकदा तालीम बघायला आले. बराच वेळ मान हलवत उभे राहिले आणि म्हणाले, “मॅडम, हिलाही थोडं काळं लावायचं का? मागच्या रांगेतून दिसलं पाहिजे.”

“सर, तुम्हालाच लावते, या इकडे.”

ते पुन्हा तालमीला आले नाहीत.

आठवड्याभरात तिची आई शाळेत आली. मजुरीवरून तशीच आली होती. साडीवर पुरुषी शर्ट, डोक्याला टॉवेल, हाताला कांद्याच्या पातीचा वास. ती स्वतः उजळ होती. पोर बापावर गेलेली.

“मॅडम, माझ्या पोरीला काळी केलीय म्हनं तुमी.”

“अहो, केली नाही. नाटकातलं मोठं काम आहे ते. सगळ्यात मोठं.”

“मोठं आसंल. पर काळीचं हाय ना?” ती खुर्चीवर बसायला तयार नव्हती. “मॅडम, ती झाली तवापासून मी बेसन लावलं, साय लावली, हळद लावली. आता दुकानातली क्रीम आनती. तुमी तिला गावापुढं काळी म्हनून बसवनार. उद्या पावनं आलं की लोक म्हनतील, तीच ती नाटकातली काळी.”

“आठवीत आहे हो ती! कसले पाहुणे?”

“आज न्हाई. पर नाव एकदा चिकटलं की चिकटलं.”

मला तिचा राग आला आणि त्याच वेळी रडूही आलं. कारण ती बोलत होती ते खोटं नव्हतं. या गावात सावळ्या मुलीच्या स्थळाच्या वेळी काय काय बोलतात, ते मी ऐकलंय, आणि बोलणाऱ्यांत शिकलेलेही असतात. शेतकरी माणूस जमीन काळी आहे म्हणून मिशीला पीळ देतो आणि सून काळी आहे म्हणून तोंड वाकडं करतो. याला काय उत्तर देणार, कप्पाळ?

“ती आपणहून तयार झालीय,” मी एवढंच म्हटलं.

“तिला काय कळतंय! मी सांगून ठेवते मॅडम, तुमी बसवलंच, तर मी येऊन उचलून नेनार.”

पोर दारामागे उभी राहून ऐकत होती. आई गेल्यावर माझ्यापाशी येऊन म्हणाली, “मॅडम, मी करनारच.”

आणि मग तो फ्लेक्सचा घोळ. तरी दुसऱ्या दिवशी दुपारी मांडव भरला. बायका सगळ्या आल्या. पुरुष मात्र फाटकाशी मोटारसायकली सुरू ठेवून उभे होते. सक्ती दिसली तर निघता यावं म्हणून. पोरांना बिस्किटं वाटायला सुरुवात झाली तेव्हा कुठे ते एकेक करून आत सरकले.

प्रमुख पाहुणे हेडसरांनी निवडले होते. नाटकात बस आहे, म्हणून गावातले एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर. शाल, श्रीफळ, पुढची खुर्ची. म्हातारा मोठा ऐटीत होता. बोलताना मधूनच दोन बोटांनी खुर्चीच्या दांड्यावर टकटक करायचा, जशी काही गाडी सोडतोय.

स्टेजवर मांडववाल्याच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या दोन-दोनच्या रांगांत लावून बस केली होती. पडदा बाजूला झाला. पहिल्या रांगेत ती, खिडकीच्या जागेवर. वेणी, स्वच्छ गणवेश, मांडीवर पिशवी. तोंडाला काही लावलेलं नव्हतं. बाकी सगळ्या खुर्च्यांवर गोरे. पावडर संपली म्हणून काहींनी खडू कुटून लावला होता, एकाने तर घरून मैदा आणला होता. भुवया, पापण्या, कान, सगळं पांढरं. आपली कोण आणि परकी कोण, मलाही ओळखू येईना.

एक गोरा बसमध्ये चढून तिच्यासमोर आला, शिंकला, आणि म्हणाला, “ऊठ. ही जागा माझी आहे.”

तिने श्वास घेतला. जीभ टाळूला लावलेली मला विंगेतून दिसली. आणि त्याच क्षणी मांडवाच्या कडेने तिची आई तरातरा स्टेजकडे येताना दिसली.

“थांबा!” पुढच्या खुर्चीवरून आवाज आला. टक. “गाडी थांबवा!”

प्रमुख पाहुणे उभे राहिले होते. खांद्यावरची शाल सावरत त्यांनी स्टेजकडे बोट रोखलं.

“जागा कुनाची ते नंतर बघू. आधी सांगा, रुमाल कुनाचा?”

“व्हय, रुमाल कुनाचा?” मागून पाच-दहा जण ओरडले.

“काका, हे नाटक आहे!” मी विंगेतून हात जोडले.

“नाटक आसू द्या न्हाईतर खरं आसू द्या. मी आख्खी हयात गाडीत काढली. रुमाल बघितल्याबिगर निकाल हुत न्हाई. पोरा, तुझा रुमाल हुता का?”

समोरचा गोरा गडबडला. पाठांतरात हे नव्हतं. “न्हाई,” तो म्हणाला.

“पोरी, तुझा हुता?”

तिची आई स्टेजच्या पायरीवर एक पाय ठेवून थांबली होती.

“हुता,” ती म्हणाली. “रोज आसतो. ही समदी पट्टीनं उचलून खाली टाकत्यात.”

मांडवात जो कल्लोळ उठला तो मी जन्मात विसरणार नाही. तिला ‘डांबर’ म्हणतात हे गावात कुणाला माहीत नव्हतं असं नाही. त्याचं कुणाला काही वाटलं नव्हतं. पण दुसऱ्याचा रुमाल उचलला! बायका तोंडावर हात मारायला लागल्या. “आगं बया! रुमाल टाकला?” “ह्यो काय इच्चू हाय का पट्टीनं उचलायला?” पुरुष उठून उभे राहिले. एक जण तर मुठी आवळून पुढे निघाला. कंडक्टरकाका रागाने लालेलाल झाले होते.

“कुनी टाकला? नाव सांग!”

“ह्यातलीच हायती,” ती मागच्या रांगांकडे बघत म्हणाली. “पर आज वळखू येईनात.”

“आमचं पोरगं आसलं करनार न्हाई!” एक बाई ठणकावून म्हणाली.

“तुमचं कुठलं?”

ती बाई बघत राहिली. एक पांढरा, दुसरा पांढरा, तिसरा पांढरा. “त्यो... न्हाई, त्यो पल्याडचा. थांबा, पुसून बघते.”

झालं कल्याण. ती बाई पाण्याची बाटली आणि रुमाल घेऊन स्टेजवर चढली, आणि तिच्या मागोमाग निम्मा मांडव. जो तो समोर येईल त्या गोऱ्याची मान धरून तोंड पुसायला लागला. एकाने नीट खसाखसा पुसून बघितलं, तर शेजाऱ्याचा निघाला. त्याला तसाच ढकलून त्याने दुसरा धरला. मैदा लावलेल्याचं पाणी लागून पीठ मळलं गेलं आणि ते निघता निघेना. पावडरचे ढग उठत होते, पोरं शिंकत होती, हेडसर माइकवरून “शांतता, शांतता, फोटो काढायचाय!” म्हणत होते. आणि त्या पांढऱ्याखालून एकेक करून आमची रोजचीच पोरं बाहेर येत होती. रापलेली, काळपट, तांबूस, आपापल्या आईबापांच्या रंगाची.

तोंडं पुसून पुसून रुमाल तेवढे पांढरे झाले होते.

तिच्यासमोर उभ्या राहिलेल्याचंही तोंड पुसून झालं. आमचा पहिल्या बाकावरचा कायदेपंडित. मूळचा गोरा. त्याच्या आईने त्याचा दंड धरला होता. ती बाई उन्हातान्हात राबलेली, काळीभोर, कपाळावर मोठं कुंकू.

“तू टाकला व्हय रं रुमाल?”

“समदीच टाकत्यात.”

“पर का? काय केलं तिनं?”

“काय न्हाई केलं.”

“मंग का?”

तो पायाच्या अंगठ्याने स्टेज उकरायला लागला. “काळी हाय म्हनून.”

त्याच्या आईचा ओला रुमाल हातातच राहिला. तिने पोराकडे बघितलं, खुर्चीवरच्या पोरीकडे बघितलं, मग स्वतःच्या हाताकडे.

“मंग मी काय हाय रं?” ती म्हणाली.

तिने मारलं नाही, ओरडली नाही, नुसती त्याचा दंड सोडून खाली उतरली. तो तिच्या मागे “आये, आये” करत गेला.

बाकी कुणी हे ऐकलं असेल असं मला वाटत नाही. कारण तेवढ्यात कंडक्टरकाकांनी माइक ओढून घेऊन निकाल दिला. दुसऱ्याचा रुमाल उचलणं हा घोर अपराध आहे, जागा पोरीची आहे, गाडी सोडा. टक टक. टाळ्यांचा कडकडाट झाला. हेडसरांनी लगेच जाहीर केलं, “आपल्या गावातून वंशभेद हद्दपार झालेला आहे. सर्वांनी चहा घेऊन जावे.” आणि सगळा मांडव चहाकडे पळाला.

मी विंगेत कपाळ धरून बसले. मनात नुसता संताप. एवढा जीव तोडून नाटक बसवलं, आणि गावाने न्याय कसला केला, तर रुमालाचा! रंगाचं कुणी एक अवाक्षर काढलं नाही. एका बाईला कळलं, तर ती पोराला मागे घेऊन निघून गेली.

जरा वेळाने मांडववाला खुर्च्या गोळा करत स्टेजवर आला. सगळ्या खुर्च्या रिकाम्या होत्या, पहिल्या रांगेतली सोडून.

“ए ताई, ऊठ गं. खुर्ची न्यायचीय.”

तिने त्याच्याकडे बघितलं. मग विंगेत माझ्याकडे. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, त्या सगळ्या धांदलीत पोरीचं वाक्य राहूनच गेलं होतं.

“मी उठनार न्हाई,” ती म्हणाली. खणखणीत. ‘ण’चा पुन्हा ‘न’ झाला होता. या वेळी मी सुधारायला गेले नाही.

मांडववाला बावचळला. तेवढ्यात पायरीवर थांबलेली तिची आई वर चढली. मला वाटलं, आता नेते हिला उचलून. मी पुढे झाले. पण ती आली आणि लेकीच्या शेजारच्या, गोऱ्याच्या रिकाम्या खुर्चीवर बसली. शर्टाच्या बाहीने तिने तोंड पुसलं.

“रोज उभीच येतीस व्हय गं?”

“व्हय.”

“येवढा रस्ता?”

“व्हय.”

“मंग मला का न्हाई सांगितलंस?”

पोरीने मांडीवरची पिशवी नीट केली. “सांगितलं आसतं तर तू अजून क्रीम लावली आसतीस.”

समोर रिकामा मांडव होता आणि सांडलेली पावडर. मांडववाल्याने बाकीच्या खुर्च्या एकात एक घालून उचलल्या, टेम्पोत ठेवल्या आणि परत येऊन उभा राहिला.

“मावशे, टेम्पो थांबलाय. उठता का आता?”

“थांब की जरा,” ती त्याच्याकडे न बघताच म्हणाली. “दिसत न्हाई का, बसलोय आमी.”